दोन विधवा, दोन शिक्षा

४ डिसेंबर १८८४ या तारखेचं महात्मा जोतीराव फुले यांचं एक इंग्रजी टिपण आज आपल्याला वाचायला मिळतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य या विषयांवर दोन निवेदनं छापून जाणत्या मंडळींची मतं मागवली होती. फुल्यांनी दोन्ही विषयांवर उत्तर दिलं. वैधव्याबद्दल लिहिताना त्यांनी शास्त्राधार मांडत बसण्याऐवजी एका बाईची हकीकत नावानिशी सांगितली. तिचं नाव काशीबाई.

टिपणातली हकीकत अशी. सदाशिव बल्लाळ गोवंडे हे फुल्यांचे जिवलग मित्र इनाम कमिशनमध्ये अंमलदार होते. त्यांच्या घरी काशीबाई ही ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. ती प्रतिष्ठित घरातली, तरुण, देखणी आणि सद्वर्तनी होती असं फुले लिहितात. शेजारी एक शास्त्रीबुवा राहत होता. त्याने तिला नादी लावायचा सतत प्रयत्न केला. तिने आधी त्याला दाद दिली नाही, पण शेवटी ती त्याच्या जाळ्यात सापडली आणि तिला दिवस गेले. मग त्याच्याच सांगण्यावरून तिने गर्भ पाडण्यासाठी विषारी औषधं घेतली. ती लागू पडली नाहीत. नऊ महिने भरले, मुलगा झाला. अब्रू जाईल या धास्तीने तिने त्या मुलाला सुरीने मारलं आणि मालकाच्या घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांनी पोलिसांनी संशयावरून तिला पकडलं. पुण्याच्या सत्र न्यायालयात खटला चालला आणि तिला जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

हे टिपण घटनेनंतर सुमारे वीस वर्षांनी लिहिलेलं आहे आणि लिहिणारा माणूस तटस्थ नाही. त्याला विधवांवरचा जुलूम मलबारींना दाखवून द्यायचा आहे. तरीही त्याच्या साक्षीला वजन आहे. ती बाई त्याच्या जवळच्या मित्राच्या घरात काम करत होती, मित्राचं नाव आणि हुद्दा तो स्पष्ट लिहितो, आणि आपण सांगतो ते पडताळता येईल अशा काळात, गावातली माणसं हयात असताना लिहितो. शिवाय तो गुन्हा नाकारत नाही. सुरी, विहीर, अटक, सगळं जसंच्या तसं नोंदवतो. आपल्या बाजूला गैरसोयीचं असलेलं सत्यही जो लपवत नाही, त्याची साक्ष अधिक विश्वासाची धरावी, हा इतिहासाचा साधा नियम आहे.

आता हेच टिपण शिक्षा ठरवणाऱ्या न्यायाधीशाच्या नजरेने वाचावं. काशीबाईचं वय तरुण. आधीचं वर्तन निर्दोष. तिने नकार दिला होता आणि तो नकार मोडून काढला गेला. गर्भपाताच्या औषधांमागे दुसऱ्याचं मन होतं. प्रसूतीनंतरचे तास, ओलं अंग, सोबतीला कुणी नाही. मूल घेऊन उभं राहायला जगात एक घर नाही. आजच्या कायद्याच्या भाषेत हे शिक्षा सौम्य करणारे घटक आहेत, आणि ते एका बाईच्या एकाच हकिकतीत एकत्र आले आहेत.

शास्त्रीबुवा मात्र या हकिकतीच्या मध्यावरच नाहीसा होतो. औषधांचा सल्ला देईपर्यंत तो आहे. प्रसूती, अटक आणि न्यायालय या तीन ठिकाणी त्याचा उल्लेख नाही. कायद्यापुढे उभी राहिली ती एकटी काशीबाई.

ही शिक्षा नेमक्या कोणत्या कायद्याखाली झाली, हे कालक्रमावरून उलगडता येतं. फुले लिहितात की काशीबाईचा खटला आटोपताच आपण स्वतःच्या आवारात अशा विधवांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी गृह सुरू केलं. या बालहत्या प्रतिबंधक गृहाची स्थापना १८६३ ची मानली जाते. भारतीय दंड विधान १८६० साली मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलं. म्हणजे काशीबाईचा खटला या नव्या संहितेच्या अगदी सुरुवातीच्या काळातला ठरतो. जुन्या नियमांचा गोंधळ संपवून सगळ्यांना एक कायदा देणारी ही संहिता. तिची पानं उलटली की काशीबाईसाठी तिथे काय होतं आणि काय नव्हतं, ते दिसतं.

बाळाचा जन्म लपवण्यासाठी त्याचं प्रेत गुपचूप नाहीसं करणं हा कलम ३१८ चा गुन्हा. त्याला जास्तीत जास्त दोन वर्षं. बारा वर्षांखालचं मूल उघड्यावर टाकून देणं हा कलम ३१७ चा. त्याला सात वर्षांपर्यंत. मूल जिवंत जन्मू न देणं किंवा जन्मल्यावर मरेल असं कृत्य आधीच करणं, हा कलम ३१५ चा. त्याला दहा वर्षांपर्यंत. पण मूल जिवंत जन्मलं आणि मग हाताने मारलं, की प्रकरण कलम ३०२ मध्ये जातं. तो खून. त्याला शिक्षा दोनच: फाशी किंवा जन्मभर काळं पाणी. मधली पायरी नाही.

कलम ३०० मध्ये खुनाला पाच अपवाद दिले होते. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ, स्वसंरक्षणाचा हक्क ओलांडणं, सरकारी नोकराने अधिकार ओलांडणं, अचानक झालेली मारामारी, आणि मेलेल्याची स्वतःची संमती. यातला एक जरी लागू झाला तरी खुनाचा सदोष मनुष्यवध होतो आणि न्यायाधीशाला वर्षं मोजून शिक्षा देता येते. बाळंतीण आईसाठी सहावा अपवाद संहितेत नव्हता. एकाने दिलेला त्रास आणि त्यातून दुसऱ्याचा झालेला मृत्यू हेही त्या पाचांत बसत नव्हतं. काशीबाईला प्रक्षोभ दिला तो शास्त्रीबुवाने आणि वाड्यावाड्यांतल्या समाजाने. मेलं ते मूल. कायद्याला त्या दोन गोष्टींमधला दुवा दिसायची सोयच नव्हती.

त्यामुळे एक कठीण गोष्ट मान्य करावी लागते. पुण्याच्या त्या न्यायाधीशाने काशीबाईला खुनासाठी असलेल्या दोन शिक्षांपैकी कमीची शिक्षा दिली. त्याच्या मनात दया होती की नव्हती याने फारसा फरक पडत नव्हता. असेल ती सगळी दया फाशी टाळण्यात खर्ची पडली. उरलेल्या परिस्थितीसाठी, तिच्या वयासाठी, नकारासाठी, विषारी औषधांसाठी त्या कलमात एका दिवसाचीही जागा शिल्लक नव्हती.

याहून वाईट गोष्ट पुराव्याच्या रचनेत आहे. असा खटला सिद्ध करायचा तर सरकारपक्षाला हेतू दाखवावा लागतो, आणि विधवेच्या बाबतीत तो हातात तयार असतो: बेअब्रूचं भय. फुल्यांनी जे भय तिच्या अगतिकतेचा पुरावा म्हणून लिहिलं, तेच भय न्यायालयात तिच्या गुन्ह्याचा हेतू होतं. गर्भपाताची औषधं ही तिच्यावरच्या दबावाची खूण होती, पण आरोपपत्राच्या चौकटीत ती पूर्वतयारी दिसते. तिच्या बाजूने बोलू शकणारी प्रत्येक गोष्ट तिच्याविरुद्ध साक्षीला उभी राहू शकत होती. अत्याचार सोसलेल्या माणसाच्या हातून गुन्हा घडतो तेव्हा न्यायाची खरी परीक्षा इथे असते, आणि या दोन बाजू वेगळ्या करणारी पायरी त्या कायद्यात नव्हती.

फुल्यांनी पुढे जे केलं ते मी त्या शिक्षेवरचं उत्तर मानतो. स्वतःचा खर्च भागत नसताना त्यांनी आणि सावित्रीबाईंनी हे गृह काढलं. ब्राह्मण वस्तीच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती चिकटवल्या. विधवांनी इथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवावं ते त्यांच्या मर्जीवर, ठेवलेल्या मुलाची काळजी इथे घेतली जाईल, असा त्यांचा आशय. १८८४ च्या टिपणासोबत त्यांनी या जाहिरातीची प्रत जोडली आणि आकडे दिले. सुरुवातीपासून तोवर पस्तीस गरोदर विधवा तिथे आल्या आणि बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत राहिली. बाकीची तीस, आयांनी गर्भारपण लपवायला घेतलेल्या विषारी औषधांनी गर्भातच इजा होऊन दगावली, असं फुले लिहितात.

या आकड्यांचं महत्त्व शिक्षेच्या प्रश्नासाठी फार मोठं आहे. काशीबाईने जी औषधं घेतली ती पुण्यातल्या कितीतरी घरांत पोहोचत होती. तीस बायकांना एकाच वस्तीत, एकाच भयापोटी, एकाच तऱ्हेचं विष घ्यावं लागतं, तेव्हा ते प्रत्येकीचं वेगळं दुष्कृत्य राहत नाही. ती परिस्थिती असते. दार उघडं मिळालं तेव्हा त्या बायका चालत आल्या आणि त्यांनी मुलांना जन्म दिला. काशीबाईला असं दार मिळालं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर त्या पस्तीस बायकांनी दिलं आहे.

एक गोष्ट इथेच वेगळी करून ठेवायला हवी. फुले दांपत्याने दत्तक घेतलेल्या यशवंताच्या आईचं नावही काशीबाईच सांगितलं जातं आणि लोकप्रिय लेखनात या दोघी पुष्कळदा एक होऊन जातात. यशवंताचा जन्म १८७४ च्या सुमाराचा. सत्र न्यायालयात उभी राहिलेली काशीबाई त्याच्या दहा-अकरा वर्षं आधीच शिक्षा भोगायला गेली होती. दोघींना एक केलं की गोष्ट सुखान्त होते: बाई वाचते, मुलगा डॉक्टर होतो. एका बाईच्या बाबतीत ते खरं आहे. दुसरीला काळं पाणीच मिळालं, आणि तिचा तो वाटा तिच्याकडून काढून घेऊ नये.

काळ्या पाण्याची अंदमानातली वसाहत १८५८ मध्ये सुरू झाली होती. तिथे बायकाही पाठवल्या जात. त्यांच्यात बालहत्येच्या आणि नवऱ्याच्या खुनाच्या गुन्ह्यांखाली गेलेल्या पुष्कळ होत्या. काही वर्षं चांगल्या वर्तनाने काढल्यावर स्त्री-कैद्यांना तिथल्या पुरुष कैद्यांशी लग्न करायची सरकार परवानगी देत असे, कारण वसाहत वसवायची होती. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण पुण्यात तसं लग्न करणाऱ्यावर बहिष्कार पडे. समाजाने जी वाट घराच्या अंगणात बंद ठेवली, ती समुद्रापलीकडे शिक्षेचा भाग म्हणून उघडली जात होती.

सरकारला सामाजिक कारणं समजतच नव्हती, असंही म्हणता येत नाही. १८७० साली कन्यावधाविरुद्ध आठवा कायदा झाला. काही कुळांत मुलींना जन्मतःच मारण्याची चाल होती. ती मोडण्यासाठी सरकारने त्या त्या वस्तीची शिरगणती, जन्म-मृत्यूची नोंद आणि पोलिसी देखरेख यांची तरतूद केली. म्हणजे जिथे मारणारं कुळ होतं तिथे कायद्याने चालीला जबाबदार धरलं. जिथे मारणारी एकटी विधवा होती तिथे चाल बाजूला राहिली आणि बाई तेवढी पकडली गेली. केशवपन, एकवेळचं जेवण, घरातल्याच पुरुषांची नजर, आणि दिवस गेल्यावर वाळीत टाकणं: या साऱ्याची शिरगणती करणारा कायदा कुणी केला नाही.

माणसं मात्र हलत होती. १८७५ साली पंढरपुरात सबजज्ज असलेले लालशंकर उमियाशंकर यांनी तिथे टाकून दिलेल्या मुलांसाठी आश्रम सुरू केला. न्यायासनावर बसलेल्या माणसाला असा आश्रम काढावासा वाटला, हे लक्षात घेण्यासारखं आहे. निकाल देऊन जे साधत नव्हतं ते त्याने न्यायालयाबाहेर करून पाहिलं.

त्यानंतर सहा वर्षांनी विजयालक्ष्मीचा खटला आला.

विजयालक्ष्मी ही मुंबई इलाख्यातल्या सुरत जिल्ह्यातली तरुण ब्राह्मण विधवा. १८८१ च्या वसंतात तिच्यावर स्वतःच्या नवजात मुलाच्या खुनाचा आरोप सिद्ध झाला. कारण तेच: बेअब्रू आणि वाळीत पडण्याचं भय. सत्र न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा दिली. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं आणि फाशीऐवजी जन्मभर काळं पाणी झालं. पुढे ती शिक्षाही कमी होऊन पाच वर्षांवर आली.

काशीबाई आणि विजयालक्ष्मी यांच्या हकिकती शेजारी ठेवल्या की डोळ्यात भरतं ते हे: गुन्हा एक, कायदा एक, जात एक, परिस्थिती एक. एकीला सत्र न्यायालयात जन्मठेप झाली आणि फुल्यांच्या टिपणात ती तिथेच संपते. दुसरीला त्याहून कडक शिक्षा झाली आणि ती पाच वर्षांवर आली. असं का व्हावं?

पहिलं कारण प्रक्रियेत आहे. फाशीची शिक्षा हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात आणता येत नाही, हा नियम तेव्हाही होता. म्हणजे विजयालक्ष्मीची फाशीच तिचा कागद वरच्या न्यायालयापर्यंत घेऊन गेली. जन्मठेपेच्या शिक्षेला असं आपोआप वर जाणं नव्हतं. अपील करायचं तर पैसा, वकील आणि पाठीशी उभं राहणारं माणूस लागतं. आपल्याच समाजाने वाळीत टाकलेल्या विधवेपाशी यातलं काय असणार?

दुसरं कारण कलमातच आहे. खुनाचा दोष कायम ठेवून हायकोर्टाला फाशीवरून काळ्या पाण्यावर येता येत होतं; त्याखाली उतरता येत नव्हतं. पाच वर्षांपर्यंत खाली उतरण्याचा अधिकार सरकारचा होता. जन्मठेप सौम्य करण्याची आणि शिक्षा माफ करण्याची मुभा कायद्याने सरकारकडे ठेवली होती. विजयालक्ष्मीच्या शिक्षेचा हा शेवटचा टप्पा म्हणजे न्याय या शब्दाच्या काटेकोर अर्थाने न्याय नव्हता. ती मेहेरबानी होती.

तिसरं कारण मेहेरबानीच्या स्वभावात आहे. मेहेरबानी मागावी लागते, आणि मागणाऱ्याचा आवाज वर पोहोचावा लागतो. १८८१ पर्यंत इलाख्यात इंग्रजी आणि देशी वर्तमानपत्रांचं जाळं दाट झालं होतं. विजयालक्ष्मीच्या खटल्यावर मुंबईच्या वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलं. कुणी शिक्षेच्या क्रौर्याबद्दल लिहिलं, कुणी विधवांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं. काशीबाईच्या वेळी तिच्यासाठी असा गदारोळ उठला नव्हता. एका बाईची अगतिकता सरकारपर्यंत पोहोचली, दुसरीची एका माणसाच्या टिपणात राहिली. दोघींच्या शिक्षेतला फरक त्यांच्या दोषातल्या फरकावर उभा नव्हता. कुणाबद्दल किती बोललं गेलं, यावर तो उभा होता.

या गदारोळातूनच मराठीतलं एक अपूर्व पुस्तक आलं. ‘पुणे वैभव’सारख्या पत्रांनी स्त्रियांच्या दुर्वर्तनाबद्दल लिहिलं, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून उत्तर दिलं. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यातल्या सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि त्यांचं घर सत्यशोधक विचारांचं होतं. पुस्तकावर टीका झाली तेव्हा फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकात ताराबाईंची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं.

ताराबाईंच्या लेखनाला आपण स्त्रीवादाचा आरंभ म्हणून मान देतो. शिक्षेच्या तत्त्वाच्या अंगानेही ते वाचायला हवं. एकाच कृत्यात दोघं सामील असताना दोषाचं सगळं ओझं एकीवर का, हा त्यांचा रोकडा प्रश्न आहे. बाईला मोहात पाडणारा, तिला सोडून जाणारा, आणि मग तिच्याबद्दल पंचायतीत बसून बोलणारा पुरुष त्या समोर आणतात. फुल्यांच्या टिपणातून निसटलेला शास्त्रीबुवा ताराबाईंच्या पुस्तकात पकडला जातो. विजयालक्ष्मीच्या वतीने न्यायालयात जे मांडायला हवं होतं, ते बुलढाण्यातल्या एका तरुण बाईने न्यायालयाबाहेर मांडलं.

त्यानंतर कायदा किती पुढे आला? काही बाबतींत बराच. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत फाशी हा नियम होता; ती न देण्याची कारणं न्यायाधीशाला लिहावी लागत. ही अट १९५५ मध्ये गेली. १९७३ च्या संहितेने बाजू उलटवली: जन्मठेप हा नियम आणि फाशी द्यायची तर विशेष कारणं. त्याच संहितेने दोष ठरल्यावर शिक्षेबद्दल आरोपीचं स्वतंत्रपणे ऐकून घेण्याची पायरी घातली. १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा सौम्य करणाऱ्या परिस्थितीची यादी मान्य केली. त्यात आरोपीचं वय आहे, मनाची पराकोटीची अस्वस्थता आहे, आणि दुसऱ्याच्या दडपणाखाली वा अमलाखाली केलेलं कृत्य आहे. १८८४ चं फुल्यांचं टिपण हातात घेऊन ही यादी वाचली तर वाटतं, काशीबाईसाठीच लिहिली आहे.

ही यादी कागदावर असून भागत नाही, हे पुढे इंदूरच्या एका खटल्याने दाखवलं. २०११ सालच्या तिथल्या तिहेरी खुनाच्या प्रकरणात तीन आरोपींना फाशी झाली होती. ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या नावाने ते सर्वोच्च न्यायालयात आलं आणि २० मे २०२२ रोजी न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. ते आरोपी अत्याचारपीडित नव्हते आणि गुन्हा क्रूर होता. तरी निकालाचा महत्त्वाचा भाग सगळ्यांना लागू होणारा आहे. आरोपीचं बालपण, घर, शिक्षण, मनाची स्थिती, आधी सोसलेला हिंसाचार, तुरुंगातलं वर्तन यांची माहिती शेवटच्या दिवशी दोन ओळींत न सांगता खटल्याच्या टप्प्यावरच गोळा करावी, सरकारनेही ती न्यायालयापुढे ठेवावी आणि मानसोपचारतज्ज्ञांचे अहवाल घ्यावेत, असं न्यायालयाने बजावलं. १८६३ मध्ये काशीबाईची अशी माहिती कुणी गोळा केली नाही. ती गोळा झाली वीस वर्षांनी, एका समाजसुधारकाच्या लेखणीतून.

पण या सगळ्या प्रगतीचा रोख फाशी टाळण्याकडे आहे. फाशीच्या खालची पायरी १८६२ मध्ये होती तिथेच आहे. १ जुलै २०२४ पासून दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १०१ मध्ये खुनाचे तेच पाच अपवाद आहेत, आणि कलम १०३ मध्ये खुनाला फाशी किंवा जन्मठेप, याहून कमी काही नाही. नवजात मुलाचा जीव घेणाऱ्या आईसाठी इंग्लंडने १९२२ साली वेगळा कायदा केला आणि १९३८ मध्ये तो व्यापक केला. प्रसूतीने ढळलेल्या मनाचा विचार करून तो गुन्हा मनुष्यवधाच्या पातळीवर आणला. ज्या इंग्रजी राज्याने काशीबाईला काळ्या पाण्यावर पाठवलं, त्याच्या मायदेशाने साठ वर्षांनी ही चूक दुरुस्त केली. स्वतंत्र भारताने, नवी संहिता लिहितानाही, केलेली नाही.

नवऱ्याची मारहाण वर्षानुवर्षं सोसून शेवटी त्याच्यावर हात उगारणाऱ्या बायकांपुढेही हीच भिंत आहे. प्रक्षोभाच्या अपवादाला ‘आकस्मिक’ हा शब्द चिकटलेला आहे. १९६१ च्या नानावटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मेलेल्याच्या आधीच्या वागण्याने आरोपीच्या मनाची घडलेली पार्श्वभूमी बघता येते, पण राग निवायला वेळ मिळाला असेल तर अपवाद लागू होत नाही. बलवान माणसाचा राग क्षणात पेटतो; दुबळ्या माणसाचा धीर वर्षांनी सुटतो. कायदा पहिल्याला ओळखतो. १९८९ मध्ये मद्रास हायकोर्टाने सुयंबुक्कनी खटल्यात यावर वाट शोधली. छळाला कंटाळून मुलांसह विहिरीत उडी घेणाऱ्या बाईच्या बाबतीत दीर्घकाळ साचलेला प्रक्षोभही प्रक्षोभच धरावा, असं त्याने मानलं. २०१३ मध्ये गुवाहाटी हायकोर्टाने मंजू लाक्रा खटल्यात, ज्या लाकडाने नवरा मारत होता तेच हिसकावून त्याला मारणाऱ्या बाईच्या मनावर वर्षांच्या मारहाणीने काय परिणाम झाला होता, याचा विचार करून खुनाचा दोष सदोष मनुष्यवधावर आणला. हे निकाल मोलाचे आहेत. पण ते न्यायाधीशाच्या संवेदनशीलतेवर उभे आहेत. दुसऱ्या न्यायालयात, दुसऱ्या दिवशी, तीच बाई जन्मठेपेला जाऊ शकते.

जगात इतरत्र कायदेमंडळांनी हे ओझं उचललं आहे. इंग्लंडमध्ये किरणजित अहलुवालिया या पंजाबी बाईने दहा वर्षांच्या छळानंतर नवऱ्याला पेटवून मारलं आणि १९८९ मध्ये तिला जन्मठेप झाली. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा सुनावणीचा हुकूम दिला आणि त्याच वर्षी मनुष्यवधाचा दोष मान्य होऊन ती सुटली. पुढे २००९ च्या कायद्याने तिथे, माणसाचा तोल सुटणं आकस्मिकच असलं पाहिजे ही अट काढली. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये असा कायदा केला की घरगुती अत्याचार हा गुन्ह्यामागचा मोठा घटक असेल तर न्यायाधीशाला नेहमीच्या मर्यादेखाली शिक्षा देता येते, आणि आधी शिक्षा झालेल्यांनाही अर्ज करता येतो.

आपल्याला काय करायला हवं, हे काशीबाई आणि विजयालक्ष्मीचे कागदच सांगतात. पहिलं, नवजात मुलाच्या आईसाठी खुनाला वेगळा अपवाद हवा. दुसरं, प्रक्षोभाच्या अपवादात साचलेल्या, वर्षानुवर्षांच्या छळाला स्पष्ट शब्दांत जागा हवी, म्हणजे प्रत्येक बाईला दयाळू न्यायाधीश भेटण्याची वाट पाहावी लागणार नाही. तिसरं, अत्याचार सोसलेल्या आरोपीची सगळी हकीकत अटकेच्या दिवसापासून, सरकारी खर्चाने, नोंदली जावी. इंदूरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या प्रकरणांसाठी जे सांगितलं ते जन्मठेपेच्या प्रकरणांनाही लागू व्हावं. कारण विजयालक्ष्मीची फाशी वरच्या न्यायालयाने तपासली, काशीबाईची जन्मठेप तपासायला कुणी आलं नाही. आज आपल्या तुरुंगांत जन्मठेप भोगणाऱ्या अशा बायकांच्या फायली पुन्हा उघडाव्यात.

परिस्थितीचा विचार म्हणजे गुन्ह्याला माफी असं काहींना वाटतं. ते खरं नाही. काशीबाईचं मूल मेलं. त्या मुलाचाही न्यायावर हक्क होता, आणि फुल्यांनी त्याला सुंदर, निष्पाप म्हणूनच नोंदवलं आहे. पण त्या मुलाच्या मृत्यूला जे जे जबाबदार होते, त्यांच्यापैकी एकीनेच सगळ्यांची शिक्षा भोगली, तर त्या मुलालाही न्याय मिळाला असं म्हणता येत नाही. शिक्षा दोषाइतकी असावी, आणि दोष किती हे माणसाच्या हातात खरोखर किती निवड होती यावरून ठरावं. ही निवड तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला द्यायला हवा. तो सरकारच्या मेहेरबानीवर आणि वर्तमानपत्रांच्या आवाजावर सोडला तर काय होतं, ते आपल्या इतिहासाने दोन विधवांच्या दोन शिक्षांमधून एकदा दाखवून दिलं आहे.